एक बुधवार, एकशे आठ ॲप्रन

पहाटे ५.४०

नळाला पाणी आलंय. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं आणि आज भोसरीच्या या गल्लीचा पाण्याचा दिवस आहे. उदगीरच्या आक्का दोन पिंपं, चार कळशा आणि एक रंगाची रिकामी बादली भरून घेतात. बादली शिवणखान्यात न्यायची आहे. तिथं नळ नाही आणि इस्त्रीला पाणी लागतं.

घरात दोन पाळ्या चालतात. नवरा कंपनीच्या गेटवर वॉचमन, त्याची पहिली पाळी. मुलगा चाकणला रात्रपाळीला, तो साडेसातला येणार. एक डबा सव्वासहाला भरायचा, एक ताट झाकून ठेवायचं. तिसरा डबा आक्कांचा स्वतःचा. त्यात रात्रीचीच भाकरी आहे.

गटात नावानं फारशी कुणी कुणाला हाक मारत नाही. उदगीरच्या आक्का, खेडच्या काकू, परभणीवाली, मेहकरवाली, जामनेरवाली. गाव सुटून वीस वर्षं झाली, तरी हाकेतून गाव सुटलेलं नाही.

सकाळी ७.२०

दिघी रोडवर या वेळेला माणसांची दुहेरी रांग असते. रात्रपाळी सुटलेली माणसं डोळे चोळत येतात, सकाळची पोरं पाठीला सॅक अडकवून कंपनीच्या बसकडे धावतात. आक्का बादली कमरेवर घेऊन त्यांच्या मधून वाट काढतात. झाकण घट्ट आहे, थेंब सांडत नाही.

शिवणखाना लांडेवाडीच्या बाजूला, एका हार्डवेअरच्या दुकानावर. बारा बाय तीसची एक लांब खोली. भाडं महिना ९ हजार, अनामत ३० हजार. भिंतीला लागून सहा सिंगल नीडल मशीन, एक ओव्हरलॉक आणि कोपऱ्यात जुनी पायमशीन. सहापैकी चार बंद पडलेल्या एका कारखान्याकडून जुन्या भावात उचललेल्या. दोन मशीनला अजून क्लच मोटर आहे, ती पाय काढला तरी घुंई घुंई करत वीज खात राहते. बाकीच्या चारला साडेचार हजारांची एकेक सर्वो मोटर बसवली. ती पाय दाबला तरच फिरते. बिल लगेच उतरलं, असं आक्का सांगतात. उरलेल्या दोन मोटरींसाठी ९ हजार कधी जमतील ते मात्र सांगत नाहीत.

सकाळी ७.३५

आज १०८ ॲप्रन द्यायचे आहेत. एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपची ३२४ची ऑर्डर, त्यातला हा शेवटचा माल. उद्या गुरुवार. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आज पाचच्या आत चलनावर सही झाली नाही तर माल शुक्रवारवर जातो आणि बिलही तितकं पुढे सरकतं.

कापड कंपनीचं. गडद निळं ड्रिल, ५८ पन्ह्याचं, ५६ मीटर. आक्का आणि खेडच्या काकू टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहतात. थान उलगडायचं, काठाला काठ लावायचा, तळहातानं हवा काढायची, की पुढचा थर. एका थरात दोन ॲप्रन शेजारी शेजारी बसतात. म्हणजे ५४ थर. काकूंचं वय साठीच्या पुढे, पण काठ अर्धा इंच सरकला तरी त्यांना बोटाला कळतं. त्या "हं" एवढंच म्हणतात आणि आक्का परत मागे ओढतात.

मग खडू. आक्कांनी पुठ्ठ्याचे साचे स्वतः केलेत. ॲप्रनचा वरचा भाग अरुंद असतो, त्यामुळे दोन ॲप्रनच्या काखांच्या मधे कापडाचा एक बेडौल तुकडा वाया जातो. आक्का तिथं खिशाचा साचा तिरका न करता, सरळ बसवतात. तिरका बसवला तर ड्रिलचा तिरपा ताणा येतो आणि दोन धुण्यांत खिसा लोंबतो. एका जोडीमागे एक खिसा असा फुकटात निघतो. दुसरा खिसा आणि नाड्या थानाच्या शेवटातून. कंपनीच्या हिशेबानं ५६ मीटर पुरेपूर लागायला हवेत. आक्कांकडे सव्वा मीटर उरतं. ते त्या चलनावर लिहून परत पाठवतात. पहिल्या वेळेला स्टोअरकीपर हसला होता. आता तो कापड मोजून न घेताच सही करतो.

उभ्या पात्याचं कटर सुरू होतं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. चाळीस मिनिटं खोलीत कुणी बोलत नाही.

सकाळी ९.३०

आता खोलीत नऊ जणी आहेत, इस्त्रीवाली दुपारी येणार. गट चौदा जणींचा. एक बाळंतपणाला गेलीये, एकीच्या सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस, दोघी सध्या दुसरीकडे कामाला जातात पण बचत भरतात.

काम वाटलेलं आहे. जामनेरवाली नाड्या करते. पट्टी फोल्डरमध्ये घालायची, दुमडून टीप मारत बाहेर काढायची. एका ॲप्रनला तीन, गळ्याला एक आणि कमरेला दोन. पायाशी निळा गुंता पडलाय. मेहकरवाली आणि आणखी एक जण खिसे लावतात. तिघी काठ मारतात.

परभणीवाली गटात सगळ्यांत वेगवान. काठ पाव इंच दुमडायचा, परत पाव इंच दुमडायचा, आणि दाबाच्या पायाखाली द्यायचा. सरळ रेषेत कुणीही मारेल. खरी परीक्षा काखेच्या वळणावर. तिथं दुमड आत ओढली जाते आणि चुणी पडते. परभणीवाली वळण यायच्या दोन बोटं आधी मशीन मंद करते. डाव्या हाताची तर्जनी कापडाखाली जाते, अंगठा वरून दाबतो, आणि उजवा हात कापड पुढे ढकलत नाही, नुसतं धरून ठेवतो. सुई आपल्या गतीनं ओढून घेते. वळण संपलं की पाय खाली, आणि लांब सरळ बाजू एका दमात. तिच्या तर्जनीच्या नखावर एक आडवी खाच आहे. सहा वर्षांपूर्वी सुई आरपार गेली होती. एका काठाला साडेसात मिनिटं.

सकाळी १०.४५

एका ॲप्रनचे शिलाईचे ३८ रुपये. कोण किती घेतं ते दारामागे पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे, स्केचपेननं.

कटिंगला ३. खिशाला ६. नाड्यांना ४. काठ आणि जोडणीला १२. धागे तोडून तपासणीला ३. इस्त्री-पॅकिंगला २. झाले ३०. उरलेल्या ८ मधले २ दोरा-सुईला, ४ भाडं आणि लाईटबिलाला, २ गटाच्या खात्याला.

परभणीवाली हा पुठ्ठा वाचते तेव्हा कुरकुरते. आधी ज्या ठेकेदाराकडे होती तिथं अशाच काठाला चौदा मिळायचे. "दिवसाला ऐंशी रुपये कमी पडतेत मला," असं ती मशीन न थांबवता म्हणते. मग इथं का? "तिथं धागं तोडायचं घरी न्यावं लागायचं. पोरींना बसवायचे रात्री. सुई मोडली तर कापायचा. माल नाही आला तर बसून राहा. आन् पैसे कवा, तर पार्टीनं दिल्यावर."

मला त्या पुठ्ठ्यावरचा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तो धागे तोडण्याचा ३ वाटतो. कपडा शिवून झाला की प्रत्येक टोकाला दोऱ्याची शेपटी लोंबत राहते. ती तोडणं हे काम आहे असं बहुतेक ठिकाणी कुणी धरत नाही. ते कुणाच्या तरी सासूकडे, कुणाच्या तरी शाळकरी मुलीकडे जातं. इथं खेडच्या काकू आणि त्यांची जोडीदारीण त्यासाठी धागाकैची घेऊन खुर्चीवर बसतात आणि त्यांच्या नावावर पैसे पडतात. हा ३ रुपयांचा आकडा ठरवायला गटाच्या चार बैठका लागल्या. शिवणाऱ्या बायकांना तो आपल्या खिशातून गेल्यासारखा वाटत होता, आणि हिशेबानं तो गेलाही होता.

सकाळी ११.१०

कट्. मेहकरवालीची सुई मोडली. खिशाच्या कोपऱ्यात ड्रिलचे चार थर येतात, तिथं १६ नंबरची सुईसुद्धा कधी कधी दगा देते. नवी सुई बसवण्याआधी मोडलेलं टोक शोधायचं असतं. टोक कापडात राहिलं आणि कुणा कामगाराच्या छातीला टोचलं तर पुढची ऑर्डर संपली. चुंबक फिरवून टोक सापडतं. दोन्ही तुकडे एका वहीत सेलोटेपनं चिकटवले जातात, तारीख घालून. सुई १२ रुपयांची, दोरा-सुईच्या खात्यातून.

सकाळी ११.४०

लाईट गेली.

पंखे आधी थांबतात, मग मोटरी. सगळ्या एकदम मागे टेकतात. पहिल्या मिनिटाला कुणीच काही करत नाही. मग एकेक जण आपला गठ्ठा घेऊन काकूंच्या शेजारी बसते आणि धागे तोडू लागते. काकूंची हरकत आहे. "माझे नग कमी होतील की." आक्का निकाल देतात: नग काकूंच्याच नावावर लागतील, बाकीच्यांनी हात चालवायचा असला तर चालवावा. दोघी कैची खाली ठेवून मोबाईल काढतात. बाकीच्या चालू ठेवतात.

पंचवीस मिनिटांनी लाईट आली.

दुपारी १.००

डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. जामनेरवालीचं वांग्याचं भरीत संपायला वेळ लागत नाही, तिला स्वतःला त्यातले जेमतेम दोन घास मिळतात.

बोलणं लाडक्या बहिणीचं. २०२४च्या जुलैपासून योजनेचे दीड हजार सुरू झाले. कुणाचे येतात, कुणाचे मधेच अडकले, कुणाचं केवायसी राहिलंय. परभणीवालीचे दीड हजार थेट बचत गटाच्या कर्जाच्या हप्त्यात जातात. "माझ्या हातात ते पैसे मी अजून पाह्यलेच नाहीत," ती म्हणते आणि हसते.

गट कसा झाला ते जेवतानाच कळतं, तेही तुकड्या-तुकड्यांत. आधी सगळ्या घरी बसून परकर शिवायच्या, वेगवेगळ्या ठेकेदारांचे. २०२०च्या टाळेबंदीत परकर थांबले आणि मास्क सुरू झाले. मशीन प्रत्येकीच्या घरात होती, बाहेर पडायची बंदी होती, आणि मास्क सगळ्यांना हवे होते. त्या वेळी पहिल्यांदा माल एकत्र मोजला, एकत्र विकला. बचत गट आधीपासून होता, पण तो बचतीपुरता. शहरातल्या गटांना राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून १० हजारांचा फिरता निधी मिळत असे. तो यांना मिळाला होता आणि कर्जाऊ फिरत होता. तोच निधी आणि मास्कची शिल्लक मिळून खोलीची अनामत झाली. बाकीचे पैसे बँकेच्या कर्जाचे.

मास्क संपले तेव्हा पिशव्या शिवल्या. पालिका बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते, तिथं सांगवीला स्टॉल मांडला. जत्रेत खाण्याच्या स्टॉलवर जेवढी गर्दी तेवढी पिशव्यांवर नव्हती. पण तिथंच एका गिऱ्हाइकानं विचारलं, ॲप्रन शिवाल का? तो मशीनशॉपवाला होता.

दुपारी २.१५

जिन्यात चपला वाजतात. वस्तीतली एक बाई पोराला घेऊन आलीये. शाळेची पँट, चेन तुटलेली. पोराला त्याच पँटवर आणलंय, वरून शर्ट ओढून धरलाय. आक्का त्याला टॉवेल देतात.

कोपऱ्यातली पायमशीन याच कामाला. तिच्यावर दुपारी दोन मुली शिकायला बसतात, दहावी झालेल्या. फी नाही. कापणीतल्या चिंध्यांवर आधी सरळ टीप, मग गोल, मग कोपरा. तीन महिन्यांनी हाताला वळण लागलं तर पिशवीचे नग द्यायचे. त्यातली एक आज चेन उसवते आणि नवी बसवते. तिच्या मागे काकू उभ्या, खुर्चीच्या पाठीला हात लावून. चेन दहा रुपयांची, मजुरी वीस. वीसमधले पाच गटाला, पंधरा शिवणाऱ्या मुलीला. शाळेच्या कपड्याला वीसच्या वर घ्यायचं नाही असा ठराव वहीत आहे.

२०२४च्या पावसाळ्यात या पायमशीनला उसंत नव्हती. त्या वर्षी सरकारनं राज्यभर एकच गणवेश देण्याची योजना आणली, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली. कापड कापूनच येणार होतं. बातमी ऐकून या गटातही आनंद झाला होता. काम काही इथवर पोचलं नाही. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि गणवेश अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी पोचले नव्हते. जे पोचले त्यांच्या मापांबद्दल राज्यभर ओरड झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सरकारनं निर्णय फिरवला आणि गणवेश परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. भोसरीतल्या आया मात्र पोरांचे नवेकोरे कपडे घेऊन इथं येत होत्या. कुणाची बाही उसवायची, कुणाची कंबर आवळायची. कापणारा एकीकडे, शिवणारी दुसरीकडे आणि अंगात घालणारं पोर तिसरीकडे असलं की काय होतं, हे आक्कांना कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यांचा पुठ्ठ्याचा साचा त्यांच्या मशीनपासून आठ पावलांवर आहे.

आज एकूण तीन कपडे आले. चेन, एक फाटलेली काख, एक आखूड करायचा परकर.

दुपारी ३.१०

काकूंनी पाच नग बाजूला काढलेत. तीन नगांचे खिसे एका बाजूला उतरलेत, दोन नगांच्या काखेत चुणी.

खिसे मेहकरवालीचे. ती म्हणते साचाच सरकला होता. आक्का खिसा उलटा करून खडूची खूण दाखवतात. खूण बरोबर आहे, टीप खाली गेलीये. मेहकरवाली काही न बोलता ब्लेड घेते आणि उसवायला लागते. एक टाका सोडून एक टाका कापायचा, मग दोरा ओढायचा. कापडाला खरचटता कामा नये. पाच मिनिटांत लावलेला खिसा उसवायला सात मिनिटं लागतात. उसवण्याचे पैसे नाहीत. आपलं आपण उसवायचं, हा नियम.

काखेच्या चुण्या कुणाच्या ते सगळ्यांना माहीत आहे. ती गटात सगळ्यांत नवी. परभणीवाली तिच्या हातातून ॲप्रन घेते, वळण उसवते, आपल्या मशीनवर बसून परत मारते आणि तिच्या मांडीवर टाकते. "हळू चालव तिथं. पळायचं असलं तर सरळीला पळ."

दुपारी ३.५०

शेवटचा काठ संपला. इस्त्रीवाली दुपारीच येते, तिचा लहान मुलगा बालवाडीतून सुटल्यावर. पाणी शिंपडायचं, खिशावरून आधी, मग काठावरून. दहा-दहाच्या गड्ड्या. आक्का मोजतात, मग काकू मोजतात, मग ज्या घेऊन जाणार त्या मोजतात. एकशे आठ.

दुपारी ४.१५

दोन गाठोडी, मिळून सोळा-सतरा किलो भरतील. रिक्षा सव्वाशेच्या खाली येत नाही, म्हणून मेहकरवालीची स्कूटी. एक गाठोडं पुढे पायाशी, एक मागे आक्कांच्या मांडीवर. पेट्रोलचे ६० गटाकडून.

राजमाता जिजाऊ उड्डाणपुलाखाली नेहमीची कोंडी. टेम्पो, ट्रेलर, कंपनीच्या बस, मधे एक पाण्याचा टँकर. पुलाच्या सावलीतून बाहेर पडून एमआयडीसीत वळलं की रस्ता रुंद होतो आणि वास बदलतो. कूलंट, ग्राइंडिंगची धूळ, कुठंतरी पावडर कोटिंगची भट्टी.

दुपारी ४.४०

गेटवर रजिस्टर. नाव, वेळ, गाडी नंबर, कशासाठी. स्टोअरच्या खिडकीत चलनाच्या तीन प्रती. स्टोअरकीपर वरचे दोन ॲप्रन उचलतो, नाडी ओढून बघतो, खिशात मूठ घालून ताणतो. आतून एक ऑपरेटर येतो, गळ्यात अडकवतो आणि म्हणतो, नाडी या वेळेला लांब आहे, बरं झालं. मागच्या वेळेला पोटावर बांधता येत नव्हती. आक्का मेहकरवालीकडे बघतात. ही दुरुस्ती जामनेरवालीनं सुचवली होती.

सही, शिक्का. ३२४ नग, दर ३८, एकूण १२,३१२ रुपये. पैसे कधी? "अकाउंटला विचारा." अकाउंटवाला निघून गेलाय, उद्या सुट्टी.

कायद्यानं पाहिलं तर सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २००६च्या एमएसएमई कायद्यात तसं आहे आणि गटाकडे उद्यम नोंदणीचा कागद आहे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. आक्कांनी तो कागद आजवर कुणाला दाखवलेला नाही. दाखवला तर पैसे येतील, पुढची ऑर्डर येणार नाही. साधारण दोन महिने धरून चालायचं.

संध्याकाळी ५.४५

गुरुवारी सुट्टी, म्हणून आठवड्याचा पगार आणि गटाची बैठक दोन्ही बुधवारी. सतरंजी अंथरली जाते. मशीनवर कापडं पडतात. अर्ध्या तासात कुणी झाडलं, कुणी तेल घातलं, ते एका वेगळ्या रकान्यात लिहिलं जातं.

हा रकाना मला आणखी कुठल्या शिवणखान्यात दिसलेला नाही. वर लिहिलंय ‘बाकीचं काम’. थर घालायला मदत, झाडलोट, माल पोचवणं, रविवार पेठेत बोहरी आळीतून दोरा-बटणं आणणं, बँकेत रांगेला उभं राहणं. तासाला ४० रुपये. गटाच्या खात्यातून. लिज्जतच्या सात जणींनी १९५९मध्ये गिरगावात गच्चीवर ८० रुपये उधार घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. त्या गोष्टीत पापड कोण लाटत होतं ते कळतं. पीठ कुणी आणलं, गच्ची कुणी झाडली, उधारीवाल्याकडे कोण गेलं, ते कुणी सांगत नाही.

बचतीचे ५० प्रत्येकी. जामनेरवालीला ८ हजार हवेत, मुलाच्या आयटीआयसाठी. महिना शेकडा एक व्याज, दहा हप्ते. दोन मिनिटांत मंजूर. दुसऱ्या विषयाला मात्र पाऊण तास जातो: सहकारी संस्था म्हणून नोंदणी करायची का? १९६०च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणी लागतात. दहा आहेत. भागभांडवल जमवता येईल. पण मग दरवर्षी ऑडिट, वार्षिक सभा, उपनिबंधकाच्या कार्यालयाच्या फेऱ्या. "फेऱ्या कोण मारणार?" आक्का विचारतात. "आणि त्याचे चाळीस रुपये तास कुठनं काढायचे?" परभणीवाली म्हणते, संस्था झाली तर शाळेची मोठी ऑर्डर थेट घेता येईल, ठेकेदार मधे नको. दोघींचं बरोबर आहे. विषय पुढच्या बुधवारवर.

संध्याकाळी ७.१०

पगार. कंपनीचे पैसे यायला दोन महिने, बायकांना मात्र आजच द्यायचे. मधली भर गटाच्या बचतीतून पडते. म्हणजे कंपनीला बिनव्याजी उधार या चौदा जणी देतात, हे आक्का सरळ सांगतात, न चिडता.

आजच्या दिवसाचे आकडे वहीत असे पडले. काठवाल्या तिघींचे ४०, ३६ आणि ३२ नग: ४८०, ४३२ आणि ३८४ रुपये. खिसेवाल्या दोघींचे ५८ आणि ५० नग: ३४८ आणि ३००. नाड्यांचे ४३२. कटिंगचे ३२४. धागे तोडणाऱ्या दोघींना १६२-१६२. इस्त्रीचे २१६. भाडं आणि लाईटच्या खात्यात ४३२. महिन्याचे २६ दिवस असंच काम मिळालं तर त्या खात्यात ११,२३२ जमतील आणि भाडं, बिल निघेल. मागच्या महिन्यात काम १७ दिवस होतं.

शेवटी गटाचं खातं. ॲप्रनमागे २ रुपये, म्हणजे २१६. पायमशीनवरच्या तीन कपड्यांचे १५. जमा २३१. खर्चाला थर घालण्याचा काकूंचा एक तास, माल पोचवायला दोघींचे दीड-दीड तास, झाडलोटीचा अर्धा तास, मिळून १८०. पेट्रोलचे ६०. एकूण २४०. आज गटाला ९ रुपये तूट.

आक्का तूट लाल पेननं लिहितात आणि वही पिशवीत घालतात. शटर ओढायच्या आधी मी त्यांना विचारलं, वाचणाऱ्यांना काही सांगायचंय का? त्यांनी थोडा विचार केला आणि जे सांगितलं ते तसंच देतो. शाळेचे, संस्थेचे, मंडळाचे कपडे कुठल्याही बचत गटाकडून शिवून घ्यायचे असतील तर जूनच्या तोंडावर येऊ नका, मार्चमध्ये या. पोरांची मापं स्वतः घ्यायला आम्हाला शाळेत येऊ द्या. आणि अर्धे पैसे कापड टाकतानाच द्या.